चूल, वैल आणि सरपण: गॅसवरचं वीजकेंद्र गावाशेजारी येणार असेल तर

ग्रामसभेत गॅसच्या वीजकेंद्राचा विषय निघाला आणि पहिला प्रश्न आला तो असा: "सर, दिवसाला सिलिंडर किती लागत्याल?" सगळे हसले. विचारणारे अण्णा स्वतःही हसले. मी कागदावर आकडेमोड करू लागलो, कारण मला त्यासाठीच बोलावलं होतं. मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकल शिकवतो, आणि हे माझं आजोळ. सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं.

प्रस्ताव अजून बोलण्यातच आहे. गटनंबर नाहीत, अधिसूचना नाही, कंपनीचं नाव तीन माणसं तीन सांगतात. म्हणून मी इथे ना गावाचं नाव लिहीत, ना कंपनीचं. पण "पाचशे मेगावॉट, गॅसवरचं, धूर नाही, राख नाही" एवढं वाक्य मात्र गावभर पाठ झालंय. ते वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. अडचण अशी, की गावाने विचारायचे प्रश्न त्या वाक्याच्या बाहेर आहेत.

अण्णांचं उत्तर आधी देऊन टाकतो. पाचशे मेगावॉटचं चांगलं केंद्र चोवीस तास पूर्ण भाराने चाललं तर त्याला दिवसाला साधारण २१ लाख घनमीटर नैसर्गिक वायू लागतो. तेवढी उष्णता आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरांत मोजली तर सव्वा लाखाच्या आसपास सिलिंडर होतात. रोज. अर्थात सिलिंडरमधला गॅस वेगळा, आणि केंद्राला गॅस पाइपनेच येतो. पण आकडा ऐकल्यावर सभेतलं हसू थांबलं. त्या दोन तासांत जितके प्रश्न आले, त्यांतला सगळ्यांत नेमका प्रश्न मला अण्णांचाच वाटतो.

चूल आणि तिचा वैल

आधी यंत्र बघू. कोळशाच्या केंद्रात कोळसा जाळून पाणी उकळतात, वाफेने टर्बाइन फिरतं, टर्बाइन जनित्राला फिरवतं. गॅसच्या केंद्रात पहिल्या टप्प्यात वाफच नसते. विमानाच्या इंजिनासारखं एक धूड असतं, त्याला गॅस टर्बाइन म्हणतात. ते हवा आत ओढतं, दाबतं, दाबलेल्या हवेत गॅस जळतो, आणि फुगलेल्या तापलेल्या वायूचा झोत पाती फिरवत बाहेर पडतो. मात्र बाहेर पडतानाही तो झोत साडेपाचशे-सहाशे अंशांवर असतो. एवढा जाळ आभाळात सोडून द्यायचा?

माझ्या आजीच्या चुलीला वैल होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मुख्य चुलीच्या बाजूला मातीतच बांधलेलं दुसरं तोंड, दोघांच्या मध्ये आतून वाट. लाकूड घालायचं एकाच ठिकाणी. चुलीवर तव्यात भाकरी, आणि पुढे सरकलेल्या जाळावर, वैलावर, आमटीचं भांडं. वैलाला वेगळं सरपण कधीच लागत नसे. भाकऱ्या संपेपर्यंत आमटी आपोआप रटरटलेली असायची.

गॅसच्या केंद्रात हेच करतात. बाहेर पडणाऱ्या तप्त झोतावर एक बॉयलर बसवतात, त्यात पाण्याची वाफ होते, त्या वाफेवर दुसरं टर्बाइन चालतं. इंजिनिअर त्याला 'कंबाइन्ड सायकल' म्हणतात, म्हणजे वैल असलेली चूल. नुसत्या चुलीवर गॅसमधल्या उष्णतेच्या ३५ ते ४० टक्क्यांची वीज होते. वैल जोडला की हा आकडा ५५ ते ६० टक्क्यांवर जातो. कोळशाची आपली बरीचशी केंद्रं ३५ च्या आसपास असतात, नवी चांगली ४० पर्यंत.

म्हणून कुणी "गॅसचं केंद्र" म्हटलं की पुढचा प्रश्न हा: वैलासकट की वैलाशिवाय? वैल नसलेलं केंद्र दहा-पंधरा मिनिटांत चालू होऊ शकतं, त्याला पाणी जवळजवळ लागत नाही, पण ते गॅस भरपूर खातं. तसलं केंद्र संध्याकाळच्या दोन-चार तासांपुरतं चालवायला असतं. वैलासकटचं केंद्र पाणी मागतं आणि जास्त वेळ चालवलं तरच परवडतं. गावावर होणारा परिणाम दोन्हींचा वेगवेगळा. ही एवढी एक गोष्ट लेखी मिळाली तरी निम्मी चर्चा सरळ होते.

धूर नाही, राख नाही

आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत कोळशाचं मोठं औष्णिक केंद्र नाही. त्यामुळे थर्मल म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते परळीला किंवा कोराडीला नोकरीला असलेल्या पाहुण्याने सांगितलेलं: राखेचे तलाव, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर करडा थर. गॅसच्या केंद्रात हे खरोखरच नसतं. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जळून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो, राख उरतच नाही, आणि गंधकाचा धूर नगण्य. कोळशाची वीज एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, तर गॅसचं चांगलं केंद्र चारशे ग्रॅमच्या आसपास. उंच धुराड्यासारखं जे पांढरे लोट सोडताना दिसेल ते बहुतेक वेळा शीतकरण मनोरा असेल आणि लोट वाफेचे असतील.

एका द्राक्षबागायतदाराने विचारलं, पानांवर काही बसणार नाही ना? बसणार काही नाही. पण एक न दिसणारी गोष्ट आहे. टर्बाइनमधल्या भयंकर उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन बनतो, तोही केंद्राच्या फाटकाशी बनत नाही, वारा नेईल तिकडे काही अंतरावर बनतो. ओझोनने द्राक्षाच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके पडतात हे कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकातच लक्षात आलं होतं. कमी ऑक्साइडं निर्माण करणारे बर्नर आता मिळतात आणि ते बसवले तर हा त्रास बराच आटोक्यात राहतो. "बाग जळून जाईल" असं कुणी सांगत असेल तर ते खोटं. "काही म्हणजे काहीच होत नाही" हेही खोटं. तासगाव-पलूसकडे वाऱ्याची दिशा कोणत्या महिन्यात कशी, आणि एप्रिल छाटणीनंतर कोवळं पान असताना मोजमाप केलं का, हे विचारायला हवं.

मिथेन न जळता गळला तर मात्र हिशोब उलटतो. शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट तापवतो, वीस वर्षांच्या मापाने ऐंशी पटींहून जास्त. पण गळती होते ती विहिरीपासून पाइपापर्यंतच्या सगळ्या वाटेवर. गावाच्या हातात त्यातलं फारसं काही नाही, म्हणून मी पुढे जातो.

सरपण कुठून येणार?

इथे मला थांबायचं आहे. गॅसचं केंद्र चालू असताना गावाला होणारा त्रास कोळशापेक्षा निश्चित कमी. माझ्या मते खरी भीती असते ती ते बंद पडून राहण्याची.

भारतात गॅसवर चालणाऱ्या केंद्रांची क्षमता २०२४ मध्ये सुमारे २५ हजार मेगावॉट होती. देशाच्या एकूण विजेत त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुतेक केंद्रं वर्षाचा बहुतेक काळ गप्प बसून असतात. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडकून पडलेल्या ३१ गॅस केंद्रांची नोंद केली होती, एकत्रित क्षमता १४,३०५ मेगावॉट. यंत्रं नवीकोरी, जमीन घेतलेली, कर्ज काढलेलं, आणि गॅस नाही. उन्हाळ्यात मागणी फार वाढली की केंद्र सरकार वीज कायद्याच्या कलम ११ खाली या केंद्रांना चालवायला लावतं, तसं २०२४ च्या मे-जूनमध्ये लावलं होतं. मग पुन्हा शांतता.

कारण साधं आहे. देशाला लागतो त्याच्या निम्म्याच्या आसपास गॅस बाहेरून येतो, अतिथंड करून द्रव केलेला, जहाजांतून. देशी गॅस स्वस्त आहे, पण तो आधी घरांच्या नळगॅसला आणि सीएनजीला जातो. आपल्याकडे आता जागोजागी सीएनजीचे पंप झाले, त्यांचा नंबर आधी. वीजकेंद्र रांगेत मागे.

किमतीचा हिशोब एकदा हाताने करून बघा. गॅस 'एमएमबीटीयू' या उष्णतेच्या मापाने विकतात. एका एमएमबीटीयूत वैलासकटच्या केंद्रात साधारण १५० युनिट होतात. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर ७ डॉलरच्या गॅसने नुसत्या इंधनाचा खर्च युनिटला ४ रुपये. १२ डॉलरचा गॅस असेल तर पावणेसात. १५ डॉलरला साडेआठ. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा आशियातल्या सुट्या बाजारात हा भाव काही वेळा ५० डॉलरच्या वर गेला होता. तो आकडा धरून गुणाकार करायची गरजच नाही. शेजारी नव्या सौर प्रकल्पांच्या निविदा अडीच रुपयांच्या आसपास येतात, बॅटरी जोडून साडेतीनच्या आसपास. वीज घेणारी कंपनी कुठली वीज आधी उचलेल?

आता सह्याद्रीच्या पलीकडे बघू, फार लांब नाही. गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या गोपाळगडावर गेलात तर शेजारीच दाभोळचं केंद्र पसरलेलं दिसतं. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचं. १९९३ मध्ये वीज मंडळाशी करार झाला, १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी होऊन केंद्र उभं राहिलं. पहिला ७४० मेगावॉटचा टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला तो गॅसवर नाही, नाफ्त्यावर, म्हणजे खनिज तेलातून काढलेल्या द्रव इंधनावर. वीज महाग पडली, मंडळाला परवडेना, २००१ मध्ये खरेदी थांबली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं निघालं. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून ते केंद्र ताब्यात घेतलं, आज त्याची क्षमता १,९६७ मेगावॉट सांगतात. पुढे आंध्रच्या किनाऱ्यावरच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रातून गॅस मिळाला, तिथलं उत्पादन घसरलं आणि २०१३ मध्ये केंद्र पुन्हा थंड झालं. २०१५ पासून रेल्वेसाठी सुमारे पाचशे मेगावॉट चालवलं. शेजारी द्रव गॅसची जहाजं लावायचं टर्मिनल बांधलं, पण लाटा अडवणारा बांध पुरा नव्हता, म्हणून कितीतरी वर्षं पावसाळ्यात जहाजच लागत नसे!

गंमत बघा. त्याच दाभोळहून निघालेली गॅसची पाइपलाइन २०१३ पासून कोल्हापूरच्या बाजूने कर्नाटकात बेंगळुरूपर्यंत गेली आहे. "पाइप जवळून जातोय, मग गॅस का नाही मिळणार?" असं सभेत एकाने विचारलं. पाइप जवळून जाणं म्हणजे घरापुढून कालवा जाणं. पाणी आपल्या पाळीला सुटेल का, आणि पट्टी परवडेल का, हे वेगळं. मुंबई हायच्या गॅसवर १९८२ पासून उभं असलेलं उरणचं सरकारी केंद्र तर गॅसच्या दाराशीच आहे. ६७२ मेगावॉटचं. तेही वर्षानुवर्षं निम्म्याअर्ध्या भाराने चालत आलं, गॅस पुरत नाही म्हणून.

बंद केंद्राचं गावाला काय, असं वाटू शकतं. त्रास नाही, बरंच आहे की. पण नीट बघा. बांधकामाच्या अडीच-तीन वर्षांत हजारभर कामगार येतात. गावातली पोरं कर्ज काढून जेसीबी घेतात, कुणी खोल्या काढतं, कुणी मेस टाकतं, रस्त्याकडेला गाळ्यांची रांग उभी राहते. केंद्र सुरू झालं की कायम माणसं उरतात शे-दीडशे, त्यातली बरीच बाहेरची प्रशिक्षित. आणि केंद्र बंद पडलं की तीही नाहीत. जेसीबीचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. जमीन परत मिळत नाही. नदीतलं पाणी त्या नावाने राखून ठेवलेलं राहतं.

शिवाय बंद केंद्राचंही बिल असतं. वीज खरेदीच्या करारात दोन भाग असतात: एक स्थिर आकार, केंद्र तयार ठेवल्याबद्दल, दुसरा इंधनाचा, जेवढी वीज घेतली तेवढा. गाळा भाड्याने घेऊन शटर उघडलंच नाही तरी भाडं चुकत नाही, तसा पहिला भाग चुकत नाही. दाभोळच्या भांडणात हाच काटा होता. तो शेवटी कुणाच्या बिलात येतो हे सांगायला नको.

मग गॅसची केंद्रं बांधूच नयेत का? तसं मी म्हणणार नाही. सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही लागतात. त्या दोन-चार तासांत झटकन उठणारी वीज लागते, आणि गॅस त्या कामाला चांगला. पण सातारा जिल्ह्यात हे काम करणारं कुणीतरी आधीपासून आहे. कोयना. १,९६० मेगावॉट, शिवाजीसागराचं पाणी पश्चिमेला पोफळीकडे सोडून, मागणी चढली की काही मिनिटांत हजर. तेही फुकट नव्हतं. कोयनेत गावं बुडालेल्यांची पुढची पिढीसुद्धा पुनर्वसनाच्या मागण्या घेऊन आंदोलनाला बसते. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत, साखर कारखाने हंगामात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडांवर, वीज करतात. अशा जिल्ह्यांत वर्षभर चोवीस तास चालणारं गॅसचं केंद्र ही कल्पना मला पटत नाही. संध्याकाळपुरतं लहान केंद्र असेल तर ऐकून घ्यावं. तेव्हा विचारायचं असं: वर्षाचे तास ८,७६०. त्यातले किती तास चालेल असं तुम्ही बँकेला सांगितलंय? गावाला सांगतात तो आकडा वेगळा असू शकतो.

एका युनिटला एक लिटर

पाण्याचा हिशोब सोपा आहे. वैलासकटच्या केंद्रात वाफ पुन्हा थंड करून पाणी करावं लागतं. त्यासाठी ओला शीतकरण मनोरा वापरला तर एका युनिटमागे साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन किंवा सांडपाण्यात जातं. कोळशाच्या नव्या केंद्रांना तीन लिटरची मर्यादा आहे, त्यामानाने हे बरं. पाचशे मेगावॉटचं केंद्र दिवसभर चाललं तर १ कोटी २० लाख युनिट, म्हणजे तितकेच लिटर. जलजीवन योजनेतल्या माणशी ५५ लिटरच्या मापाने जवळपास सव्वादोन लाख माणसांचं एका दिवसाचं पाणी.

पावसाळ्यात कृष्णेला हे काहीच नाही. २००५, २०१९, २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले ते हसतील. पण एप्रिल-मेमध्ये सांगलीत पात्र कोरडं पडायला लागलं की कोयनेतून पाणी सोडा म्हणून मोर्चे निघतात. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पंप त्याच नदीवर. राज्याच्या जलनीतीत क्रम आधी पिण्याचं, मग शेतीचं, मग उद्योगाचं असा आहे. कागदावर. टंचाईच्या महिन्यात केंद्र पाणी घेणं थांबवेल का, हे करारात असायला हवं.

माझ्या दृष्टीने याहून नाजूक गोष्ट म्हणजे मनोऱ्यातून सोडलं जाणारं पाणी. पाणी फिरत राहतं, वाफ उडून जाते, क्षार मागे उरतात. चार-पाच पट दाट झालं की ते काढून नवं घ्यावं लागतं. हे दाट पाणी कुठे जाणार? आमच्या मामाच्या मळ्यात ओढ्याकडेचं अर्धा एकर रान आहे. उन्हाळ्यात त्यावर पांढरी पापडी धरते, बुटाच्या टाचेखाली ती कुरकुरते, आणि लावलेला ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो. वाळवा, मिरज, पलूस भागात क्षारपड रान म्हणजे काय ते कुणाला समजवायला लागत नाही. अतिपाण्याने आधीच इथवर आणलंय. त्या ओढ्यात आणखी क्षार नको. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी व्यवस्था बसवता येते, किंवा पाण्याऐवजी मोठमोठ्या पंख्यांच्या हवेने वाफ थंड करता येते. त्यात खर्च वाढतो, थोडी वीज कमी होते, आणि पंख्यांचा आवाज येतो. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ती तेव्हा लक्षात ठेवायची.

जमीन, पाइप आणि कागद

खाजगी कंपनीसाठी सरकारने जमीन संपादित केली तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, खाजगी-सरकारी भागीदारीत ७० टक्के. ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. एमआयडीसीचा १९६१ चा कायदा वेगळा, त्यात ही टक्केवारी नाही. म्हणून नोटीस हातात पडली की भाव बघायच्या आधी वरची ओळ वाचा: कुठल्या कायद्याखाली?

पाइपलाइनचं मात्र बहुतेकांना माहीत नसतं, आणि पाइप केंद्राच्या गावापुरता नसतो, मधल्या वीस गावांतून जातो. त्याला १९६२ चा वेगळा कायदा आहे. जमीन तुमचीच राहते, सात-बारा तुमचाच, कंपनीला मिळतो फक्त वापराचा हक्क. मोबदला बाजारभावाच्या १० टक्के, पिकाचं आणि झाडांचं नुकसान वेगळं. पाइप पुरून झाला की त्या पट्ट्यात ऊस, सोयाबीन, हळद घेता येते. घर, विहीर, तळं, बांध बांधता येत नाही, झाड लावता येत नाही. हे वाचून दाखवलं तेव्हा मागे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "मग शेततळं?" नाही. "आन् द्राक्षाचा मांडव?" त्याचं उत्तर लेखी घ्या, आणि बाग धरायच्या आधी घ्या. अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला दिवस मिळतात २१. तलाठ्याकडे नकाशा बघून आपला गट त्यात आहे का हे पाहण्यातच दहा जातात.

सुरक्षेबद्दल दोन वाक्यं. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, म्हणून गळला तर सिलिंडरच्या गॅससारखा खोलगट जागी साचून राहत नाही, वर जातो. पण मोठ्या पाइपांतल्या गॅसला वास घातलेला असेलच असं नाही. २७ जून २०१४ ला आंध्रातल्या नगरम गावात पाइपलाइन फुटून वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा पाइप किती वर्षांनी आणि कोण तपासणार, हे विचारणं म्हणजे आडमुठेपणा नाही.

आता जनसुनावणी. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे गॅसचं केंद्र ५०० मेगावॉट किंवा जास्त असेल तर मंजुरी दिल्लीहून, कमी असेल तर राज्य पातळीवरून. त्यामुळे कुणी ४९० मेगावॉट म्हणालं तर कान टवकारा. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी कलेक्टर किंवा किमान अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचा अधिकारी. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात, त्यातलं एक मराठी. अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. कलेक्टर कचेरीत, जिल्हा परिषदेत तो बघायला ठेवतात. सगळ्याचं चित्रीकरण होतं. शेवटी झालेल्या चर्चेचा गोषवारा मराठीत वाचून दाखवावा लागतो. तो वाचेपर्यंत उठू नका, कारण तुम्ही बोललात ते त्यात आलं का, हे तेव्हाच कळतं.

दोन खाचा मात्र आहेत. एक, गणपूर्ती नाही. पाच माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. मंडप आधीच फुकटच्या टोप्यांनी भरलेला असेल तर मागे उभं राहूनही नाव नोंदवा, कारण हजर असलेल्या प्रत्येकाला खुलासा मागायचा हक्क आहे. दुसरी, पर्यावरण मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीत प्रकल्प बसवला तर सुनावणीच टाळता येते. जागा कुठे धरली आहे हे त्यासाठीही महत्त्वाचं. आणि सुनावणीत "आमचा विरोध आहे" किंवा "आमचा पाठिंबा आहे" एवढंच बोलून बसलात तर इतिवृत्तात एक ओळ होते. आकडा मागितला की कंपनीला त्याचं उत्तर लिहावं लागतं.

त्या दिवशी ग्रामसभेने ठराव केला तो विरोधाचाही नाही, पाठिंब्याचाही नाही. ग्रामसेवकांनी वहीत चार प्रश्न लिहून घेतले. केंद्र वैलासकट की वैलाशिवाय, हा पहिला. 'वैल' हा शब्द कागदावर घ्यावा की नाही यावर पाच मिनिटं गेली आणि घेतला. उन्हाळ्यात पाणी कुठलं आणि दाट पाणी कुठे सोडणार, हा दुसरा. पाइपाचा मार्ग, गटनंबरांसह, हा तिसरा. चौथ्यावर सगळ्यांचं एकमत होतं: गॅस कुणाकडून, किती वर्षांसाठी, कोणत्या भावाने, त्या कराराची प्रत.

सभा सुटल्यावर अण्णा चपला शोधत माझ्याजवळ आले. "सव्वा लाख म्हणला न्हवं का, दिवसाला?"

"हो, साधारण."

"आन् आमच्या वस्तीवर एक यायला आठ दिस लागत्यात," म्हणाले आणि गाडीला किक मारली.